सामूहिक वनहक्काचा दावा कसा टाकायचा (आणि तो हातातून कसा निसटू द्यायचा नाही)

जल जंगल जमीन आमची ही घोषणा आपण सगळेच देतो, पण जंगलावर गावाची सत्ता मान्य व्हायची असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दाव्याची एक फाईल लागते आणि ती फाईल गावानेच तयार करायची असते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा बघा. 1984 च्या जंगल बचाव मानव बचाव आंदोलनापासून ते लोक बैठका घेत होते, दिल्ली मुंबईत आमचं सरकार आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणत होते, आणि 2009 मध्ये साधारण 1800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. गाव लहान आहे, पण एकत्र बसून निर्णय घ्यायची सवय जुनी आहे. म्हणून आधी सवय लावा, अर्ज नंतर.

पहिला प्रश्न, कुणाची ग्रामसभा? इथेच खूप गावं फसतात. चार पाच पाड्यांची मिळून ग्रामपंचायत असते आणि सभा मोठ्या गावात होते, लांबच्या पाड्यावरच्या बाया तिथे पोचतच नाहीत. तुम्ही अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात असाल तर तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि त्याचे राज्याचे 2014 चे नियम लागू होतात, त्यात पाडा किंवा टोला स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो. तो ठराव आधी करा, प्रांत ऑफिसला पाठवा. वनहक्काची सभाही पाड्याचीच घ्या, कारण जंगलात रोज जाणारी माणसं पाड्यावरची असतात आणि हद्द त्यांनाच माहीत असते.

मग वनहक्क समिती, म्हणजे दावे घेऊन तपासणारी गावाची समिती. 10 ते 15 जण, दोन तृतीयांश आदिवासी, किमान एक तृतीयांश बाया. कागदावर बाईचं नाव आणि सभेला तिचा नवरा असं अजिबात चालवून घेऊ नका, मोह कुठे वेचतो तेंदू कुठे तोडतो हे तिलाच जास्त ठाऊक. सभेला गावातल्या सगळ्या प्रौढांपैकी निम्मे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. कोरम नसेल तर सभा पुढे ढकला पण खोट्या सह्या घेऊ नका, कारण दावा पाडायला नंतर तेवढंच कारण पुरतं.

नमुने तीन आहेत. नमुना अ वैयक्तिक शेतीच्या हक्काचा. नमुना ब म्हणजे सामूहिक हक्क, चराई, गौण वनोपज (मोह, तेंदू, बांबू असा जंगलातला माल), मासेमारी वगैरे. आणि नमुना क म्हणजे सामूहिक वनसंसाधनाचा, जंगल राखायचं, वाढवायचं, त्याचं व्यवस्थापन करायचं हा हक्क. खरी सत्ता इथे आहे आणि नेमका हाच नमुना राहून जातो. लोक वैयक्तिक पट्ट्यामागे (हक्काच्या कागदामागे) पळतात, ते साहजिकच आहे, पोट त्या जमिनीवर आहे. पण ब आणि क सोबतच टाका.

आता पुरावे. किमान दोन लागतात. गडचिरोली चंद्रपूरकडे निस्तार पत्रक मिळतं, म्हणजे गावाचे जंगल वापरायचे जुने हक्क नोंदलेला कागद, ते काढा. नाहीतर जुने नकाशे, गॅझेटियर, जुन्या नोंदी. पण कागद नाही म्हणून घाबरू नका, देवराई, मसणवट, जुनी विहीर, पडक्या घरांचे अवशेष, गुरं चारायच्या जागा हे सगळं नियमात पुरावा म्हणून धरलेलं आहे, आणि म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा. सॅटेलाइट फोटोत दिसत नाही म्हणून दावा नाही असं कुणी म्हणालं तर सांगा की तो फोटो पूरक पुरावा असतो, बाकीच्या पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

हद्दीला सगळ्यात जास्त वेळ द्या. म्हाताऱ्यांना सोबत घेऊन चालत जा, नाला, टेकडी, देवाचं झाड अशा खुणा नकाशावर टाका, कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) लिहा. शेजारच्या गावाला त्याच दिवशी बोलवा. भांडण असेल तर दोन्ही समित्या बसून मिटवा, दोन गावांच्या जंगलाची हद्द एकमेकांवर चढत असेल तर सामाईक लिहा पण वाद वर नेऊ नका, दोन गावं भांडली की दोघांची फाईल पडून राहते. पडताळणीला वनविभाग आणि महसूलला लेखी नोटीस द्या आणि पोच घ्या. आले तर त्यांची सही, पद, तारीख, शेरा घ्या. आले नाहीत आणि नंतर आक्षेप घेतला तर दावा परत ग्रामसभेकडे येतो, आणि दुसऱ्यांदाही कुणी आलं नाही तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

ठराव करून फाईल उपविभागीय समितीकडे द्या, झेरॉक्स गावात ठेवा, पोच घेतल्याशिवाय हलू नका. तिथून जिल्हा समिती. क्षेत्र कमी केलं किंवा दावा फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात, उपविभागीय निर्णयावर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं. आणि 2020 पासून आपल्या राज्यातल्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या समितीकडेही जाता येतं. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, वनसंसाधनाचा हक्क प्रत्येक पात्र गावाला मिळेल हे बघणं जिल्हा समितीची जबाबदारी आहे, आणि एखाद्या गावाला नाही मिळाला तर का नाही हे तिने लिहून ठेवायचं असतं. तेव्हा साहेबांसमोर हात जोडून उभं राहायची गरज नाही, ते कारण लेखी मागा.

पट्टा आला की हेक्टर आणि कक्ष क्रमांक लगेच तपासा. आणि मग थांबू नका. मेंढा लेखाला 2009 मध्ये हक्क मिळाला पण बांबूच्या वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक एप्रिल 2011 मध्ये हातात पडलं, तेही केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आल्यावर. आता वनहक्काच्या नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. तर ठरावाने व्यवस्थापन समिती नेमा, ग्रामसभेच्या नावाने बँक खातं आणि पॅन काढा. पहिला तेंदूचा हंगाम येईल तेव्हा ठेकेदाराशी लेखी करारनामा करा, आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय फडीवरून (तेंदूपानं गोळा करायच्या जागेवरून) एक पोतंही उचलू देऊ नका, आणि हिशेब प्रत्येक सभेत मोठ्याने वाचून दाखवा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळला पाहिजे.