गाडीत डिफेक्ट आहे आणि सर्व्हिस सेंटर ऐकत नाही? आधी जॉब कार्ड नीट लिहून घ्या

ब्रेक मऊ लागतोय, चालत्या गाडीत इंजिन बंद पडतंय, असं काही झालं की आपण सर्व्हिस सेंटरला जाऊन सगळं तोंडी सांगतो, अ‍ॅडव्हायझर मान डोलावतो आणि जॉब कार्डवर लिहितो "जनरल चेकअप". केस इथंच हातातून जाते, कारण सहा महिन्यांनी कंपनी म्हणते कस्टमरने ब्रेकची तक्रार कधी केलीच नव्हती, आणि कागद बघितला तर तेच दिसतं.

म्हणून जॉब कार्डवर तुमचेच शब्द लिहायला लावा. नुसतं "ब्रेक प्रॉब्लेम" नको. "खंबाटकी घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पेडल खालपर्यंत गेलं, दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागला, रीडिंग १८,४०० किमी" असं पाहिजे. लिहायला तयार नसतील तर तिथंच उभं राहून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका, त्यात जॉब कार्ड नंबर आणि चेसिस नंबर द्या. वॉर्निंग लाइट लागली तर किलोमीटर दिसतील असा व्हिडिओ काढा. गाडी परत घेताना "काम समाधानकारक" च्या खाली डोळे झाकून सही करू नका, प्रॉब्लेम तसाच असेल तर सहीच्या वर पेनने तसं लिहा. "प्रॉब्लेम आढळला नाही" असं लिहून दिलं तरी तो कागद फेकू नका, तीच तक्रार घेऊन तुम्ही पुन्हा पुन्हा गेलात हे त्यातूनच दिसतं. वॉरंटीत बदललेला पार्ट बहुतेक वेळा कंपनी ठेवून घेते, तर निदान पार्ट नंबरसकट फोटो घ्या.

मग रिकॉल बघा, म्हणजे डिफेक्ट फुकट दुरुस्त करायला कंपनीने तुमच्या मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्यात का ते. आरसीवरचा १७ अक्षरं-आकड्यांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की कळतं, रिकॉलचं काम फुकट होतं. सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट (बॅग फुगवणारं रसायन) उष्ण-दमट हवेत खराब होतं आणि मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर येऊ शकतात. होंडाच्या जुन्या सिटी, सिव्हिक, जॅझसाठी भारतातही त्यामुळे रिकॉल निघाले होते. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत राहिलेली जुनी गाडी घेत असाल तर चेक केल्याशिवाय पैसे देऊ नका.

१ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि तक्रार परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर हवी. एकाच मॉडेलच्या ठराविक संख्येने तक्रारी जमल्या की पुढची कारवाई होते, त्यामुळे तुमची एक तक्रारसुद्धा मोजली जाते, शोरूममध्ये घातलेला वाद कुठंच मोजला जात नाही.

स्वतःचे पैसे परत किंवा गाडी बदलून हवी असेल तर आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पण शोरूम कुठंही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते आणि वकील लागतोच असं नाही. फी फार नाही, १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये.

अ‍ॅक्सिडेंट झालाय आणि एअरबॅग उघडलीच नाही, तर कंपनी म्हणते धक्का पुरेसा नव्हता. ह्युंदाई क्रेटाच्या अशाच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२२ साली ग्राहकाची भरपाई कायम ठेवली, वेगाचं आणि धक्क्याचं गणित मांडणं हे ग्राहकाचं काम नाही असं कोर्टाचं म्हणणं होतं. पण अशा वेळी गॅरेजवाला लवकर काम उरकू म्हणेल आणि इन्शुरन्सवालेही घाई करतील, तरी सगळ्या बाजूंनी फोटो आणि स्वतंत्र सर्व्हेअरची तपासणी होईपर्यंत गाडी खोलू देऊ नका, कारण आयोग डिफेक्ट लॅबमध्ये तपासायला सांगू शकतो आणि तेव्हा पार्ट भंगारात गेलेला असला तर तपासायला काहीच उरत नाही.