कॅमची फाइल उडाली तर आधी कुठे शोधायची

आयटीआय किंवा डिप्लोमानंतर कॅमचा (मॉडेलवरून सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोर्स केलेली मुलं भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये, म्हणजे मोल्ड-डाय बनवणाऱ्या शॉपमध्ये लागतात, तेव्हा त्यांना टूलपाथ (टूलने कापत जायची वाट) टाकता येतो, पोस्ट करता येतं, म्हणजे त्याचा मशीनला कळणारा प्रोग्रॅम काढता येतो, सिम्युलेशनही झकास दाखवता येतं. फाइल सांभाळायला मात्र कोर्समध्ये कोणी शिकवलेलं नसतं. मग लाईट जाते, सॉफ्टवेअर टूलपाथचा हिशेब पुन्हा करता करता गोठतं, किंवा सर्व्हरवरची एकच फाइल दोघांनी उघडलेली असते आणि ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं राहतं, दुसऱ्याचं दिवसभराचं काम गायब. माझ्या पाहण्यात तरी वीज जाण्यापेक्षा या शेवटच्या प्रकाराने जास्त फाइली गेल्या आहेत.

आधी गेलं काय ते नीट बघा. मॉडेल गेलं म्हणून सहसा अडत नाही, कस्टमरच्या मेलमध्ये स्टेप फाइल पडलेली असतेच. जातात ते तुमचे निर्णय. रफिंगला (पहिल्या जाड कापणीला) किती माल ठेवला, कुठल्या कोपऱ्यात ६चा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) चालला आणि कुठे ४चा घ्यावा लागला, क्लॅम्प चुकवायला टूलपाथची बाउंडरी कुठून वळवली. हे निर्णय फक्त कॅमच्या फाइलीत नसतात, शॉपभर विखुरलेले असतात. शोधायचे ते तेच.

सॉफ्टवेअर बंद पडलं असेल तर लगेच तीच फाइल उघडून त्यावर सेव्ह मारू नका. आधी ऑटोसेव्हचं फोल्डर बघा. मास्टरकॅममध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या फाइल्स या भागात ऑटोसेव्ह आणि बॅकअपची सोय आहे: किती मिनिटांनी सेव्ह व्हावं, त्याच नावावर की वेगळ्या, जुन्या प्रती ठेवायच्या की नाही. नवीन पीसीवर बसलात की हे चालू आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा. चालू असेलच असं धरून चालू नका. सॉलिडवर्क्सवर चालणारं कॅम असेल तर विंडोजच्या टेम्पमध्ये ‘एसडब्ल्यूएक्सऑटो’ नावाचं फोल्डर सापडतं, त्यात ऑटो-रिकव्हरच्या प्रती असतात. ऑटोकॅडच्या ड्रॉइंगशेजारी ‘बॅक’ एक्स्टेन्शनची फाइल असते. तिची एक प्रत काढून एक्स्टेन्शन ‘डीडब्ल्यूजी’ करा, मागच्या सेव्हच्या वेळचं ड्रॉइंग उघडतं. फ्यूजनचं काम क्लाउडवर असल्यामुळे प्रत्येक सेव्हची वेगळी आवृत्ती राहते, तिथे निदान ओव्हरराइटची भीती नाही. पॉवरमिलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवायचं की तिथे प्रोजेक्ट म्हणजे अख्खं फोल्डर असतं. आतली एखादीच फाइल पेन ड्राइव्हवर नेली तर घरी जाऊन काही उघडत नाही.

फाइल उघडताना एरर देत असेल तर तिच्याशी झटापट करण्यापेक्षा नवीन रिकामी फाइल घ्या आणि जुनीतले ऑपरेशन इम्पोर्ट करून बघा. पुष्कळदा एखादंच ऑपरेशन बिघडलेलं असतं, बाकीची सुखरूप येतात.

डिलीट झालेल्या फाइलीचं गणित वेगळं. पेन ड्राइव्हवरून किंवा सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमधून डिलीट केलेलं तुमच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. सर्व्हरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्शन्स बघा, ज्याने सर्व्हर बसवला त्याने ती सोय चालू ठेवली असेल तर काम तिथेच मिटतं. पेन ड्राइव्ह किंवा मशीनचं सीएफ (मेमरी) कार्ड असेल तर त्यावर दुसरं काहीही लिहायचं नाही, काढून बाजूला ठेवायचं. रेकुव्हा किंवा फोटोरेकसारखी फुकट सॉफ्टवेअर अशा कार्डावर चांगली चालतात. ती इन्स्टॉल दुसऱ्या ड्राइव्हवर करायची आणि सापडलेली फाइलही दुसरीकडेच उतरवायची. जुन्या हार्ड डिस्कवरही आशा असते. एसएसडीवर मात्र विंडोज ट्रिम चालवतं, म्हणजे डिलीट झालेली जागा एसएसडी स्वतःच पुसून मोकळी करते. तिथे आशा फार कमी. नवीन पीसी वेगवान असतात म्हणून सगळे खूश, पण ही बाजू कोणी सांगत नाही.

हे सगळं करूनही हाती काही लागलं नाही, तर टेबल सोडा आणि मशीनकडे जा.

कंट्रोलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, पोस्ट केलेला प्रोग्रॅम असतो. त्यावरून कॅमची फाइल जशीच्या तशी परत बनत नाही, पण निर्णय वाचता येतात. समजा झेड (खोली) उणे १२.० वर एक फेरी, मग उणे १२.३, मग उणे १२.६: स्टेपडाऊन, म्हणजे दर फेरीला खाली उतरणं, ०.३. शेजारच्या दोन पासमध्ये वायचा फरक ०.२५ दिसला, की तोच स्टेपओव्हर (बाजूला सरकणं). एस (स्पिंडलचे फेरे) आणि एफ (फीड, टूल पुढे सरकण्याचा वेग) समोरच लिहिलेले असतात, टूल नंबर टीच्या पुढे. फिनिशिंगचा सगळ्यात खालचा झेड बघितला की पार्टिंग लाइनवर (मोल्डचे दोन भाग मिळतात तिथे) किती सोडलं होतं ते कळतं. मॉडेल हाताशी असेल तर एवढ्यावरून टूलपाथ पुन्हा टाकणं म्हणजे निम्माच वेळ, कारण विचार आधीच झालेला असतो. म्हणून पोस्टमध्ये (टूलपाथचा प्रोग्रॅम करणाऱ्या फाइलीत, तिलाही पोस्टच म्हणतात) थोडी सुधारणा करून घ्या: प्रोग्रॅमच्या डोक्यावर कंसात कॅमच्या फाइलीचं नाव, पोस्ट केल्याची तारीख, टूलची यादी आणि प्रत्येक टूलला ठेवलेला माल यायलाच हवा. कंसातलं फॅनक (कंट्रोल बनवणारी कंपनी) प्रकारचं कंट्रोल कमेंट म्हणून सोडून देतं, जॉबला त्याने काही होत नाही.

मशीनवर आणखी एक गोष्ट सापडते, जी तुमच्या फाइलीत कधीच नव्हती. रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा.

“दादा, ह्या फिनिशिंगचा एफ १८०० होता ना? इथे १२०० दिसतोय.”

“कमी केला साहेब. त्या खोल खिशात टूल ओरडत होतं.”

ही दुरुस्ती कंट्रोलमध्ये झाली, कॅममध्ये आलीच नाही. तुम्ही उद्या नव्याने पोस्ट केलं की ती पुसली जाणार आणि टूल पुन्हा ओरडणार. माझ्या मते टूलरूममध्ये सगळ्यात जास्त काम असंच हरवतं, आणि त्याचा पत्ताही लागत नाही, कारण फाइल जागेवर असते. पहिला पीस ओके झाला की प्रोग्रॅम मशीनवरून परत बाहेर काढा. फॅनकवर एडिट मोडमध्ये पंच करून (बाहेर पाठवून) कार्डावर घेता येतो (पॅरामीटर २० मध्ये कार्डासाठी ४ आणि यूएसबीसाठी १७ असतं, आधी ते बघा). मग जुन्या पोस्टशी ताडून बघा आणि फरक कॅममध्ये घाला. आणि कंट्रोलमधली जागा भरली म्हणून कोणी ओ-९९९९ टाइप करून डिलीट दाबायला निघाला तर त्याचा हात धरा. त्या एका बटणाने सगळे प्रोग्रॅम जातात.

फॅनकची मेमरी बॅटरीवर जिवंत असते हेही नवीन मुलांना माहीत नसतं. स्क्रीनवर बॅट लुकलुकायला लागलं की मेंटेनन्सला कळवा. बॅटरी कंट्रोलची पॉवर चालू ठेवून बदलायची असते; बंद करून काढून ठेवली आणि बदलायला वेळ गेला, तर प्रोग्रॅम, ऑफसेट, पॅरामीटर सगळंच धोक्यात येतं.

आता बॅकअप. बहुतेक जण जॉबच्या फाइली कॉपी करतात आणि पोस्ट विसरतात. पीसी फॉरमॅट केला, सॉफ्टवेअर नवीन टाकलं, जॉबच्या फाइली परत आणल्या, आणि पोस्ट केल्यावर कळतं की कुणीतरी वर्षानुवर्षं बसून आपल्या मशीनसाठी सुधारलेला पोस्ट गेला. मग कूलंटचा कोड येत नाही, टूल चेंजच्या आधी मशीन होमला जात नाही. मास्टरकॅममध्ये पोस्ट, मशीन डेफिनिशन (मशीनची माहिती ठेवणारी फाइल) आणि टूल लायब्ररी पब्लिक डॉक्युमेंट्समधल्या शेअर्ड फोल्डरमध्ये असतात, आणि दर नव्या आवृत्तीचं फोल्डर वेगळं. झिप-टू-गो वापरलं तर जॉबसोबत पोस्ट आणि मशीन डेफिनिशन एकत्र बांधली जातात. मोठा जॉब डिस्पॅच झाला की त्याचं एक झिप करून ठेवाच.

नावांबद्दल: ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल नवीन’ असली नावं देऊ नका. जॉब नंबर, सेटअप, रिव्हिजन, एवढं पुरे. कस्टमरने मॉडेल बदललं की रिव्हिजन वाढवा आणि जुनी फाइल ‘जुनं’ फोल्डरमध्ये हलवा. डिलीट करू नका, कारण सहा महिन्यांनी कस्टमर जुन्याच रिव्हिजनचा इन्सर्ट (मोल्डमधला बदलता तुकडा) मागतो. रोज संध्याकाळी सर्व्हरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर जावी आणि ती डिस्क नंतर पीसीला लावून ठेवू नये. रॅन्समवेअर आला तर लावलेली डिस्कही लॉक करतो.

यूपीएसचा खर्च मालकाला नको वाटतो. त्यांना फक्त एवढं सांगा की यूपीएस पीसी चालवायला नाही, सेव्ह करून बंद करायला लागतो, छोटा पुरतो. तोही दर दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलून. नुसता बीप वाजवणारा यूपीएस मी टेबलाखाली भरपूर पाहिलेत.

नव्या नोकरीत रुजू झालात की पहिल्या आठवड्यात सिनियरला दोन गोष्टी विचारा: आपला पोस्ट कुठल्या फोल्डरमध्ये असतो, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे. दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर जेवणाच्या सुट्टीत त्यांना विचारूनच ती प्रत करून टाका.