हिब्रू लेखकांवरच्या डॉक्युमेंटरीत काम करायचंय त्यांच्यासाठी

मी इस्रायलमध्ये लोदला राहते, घरात मराठी आणि बाहेर हिब्रू, आणि काम करते लेखकांवरच्या डॉक्युमेंटरींसाठी आर्काइव्ह रिसर्चचं. फिल्म शिकायला इकडे यायचा विचार करणारी मुलं विचारत असतात की ताई या लाइनमध्ये शिरायचं कसं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी याइर केदारचं काम बघा. हा माणूस मूळचा पत्रकार, समलिंगी लोकांसाठीचं ‘हझ्मान हवारोद’ हे मासिक त्याने सुरू केलं, नंतर फिल्मकडे वळला आणि ‘हाइव्रीम’ नावाचा प्रोजेक्ट उभा केला, त्यात हिब्रू लेखकांवर एकेक फिल्म आहे, बियालिक, लेआ गोल्डबर्ग, योना वोलाख, आमोस ओझ. मला त्याचं आवडतं ते हे की तो कोणाची आरती ओवाळत नाही. ओझवरची फिल्म 2021 ची, त्यात ओझच्या मुलीने वडिलांवर केलेले आरोपसुद्धा आहेत. समलिंगी हक्कांच्या चळवळीतला माणूस असल्यामुळे जे झाकलंय तिकडे त्याची नजर जाते असं मला वाटतं आणि नवीन मुलांनी तेच शिकावं, कॅमेऱ्याचं काय, ते कुठेही शिकता येतं.

इथल्या नोटांवर कवी आहेत बरं का, 20 शेकेलवर राहेल, 50 वर चेर्निखोव्स्की, 100 वर लेआ गोल्डबर्ग, 200 वर आल्तरमान. पण खिशात कवी असला म्हणून कोणी त्याला वाचतंच असं नाही, शाळेत चार कविता पाठ केल्या की बहुतेकांचा विषय संपतो, म्हणून तर या फिल्म लागतात.

आता खरं काम. तेल अवीवला ‘गनाझीम’ म्हणून हिब्रू लेखकांच्या कागदपत्रांचं आर्काइव्ह आहे, आणि जेरुसलेमला राष्ट्रीय ग्रंथालय, त्याची नवी इमारत 2023 मध्ये उघडली. तिथे जायच्या आधी हाताने लिहिलेली हिब्रू वाचायला शिका. छापील अक्षरं येतात म्हणून निर्धास्त राहिलात तर पहिलंच पत्र हातात आल्यावर अडाल, कारण हस्तलेखनातली अक्षरं वेगळी दिसतात, आपल्याकडे बाळबोध येणाऱ्यासमोर मोडी ठेवावी तसं काहीसं. लेआ गोल्डबर्गचं बघा, 1911 चा जन्म, घरी रशियन बोलायचे, तरी तिने लहानपणापासून डायरी हिब्रूत लिहिली. अशा डायऱ्या सावकाश, पानामागून पान वाचायला लागतात, कोणीतरी काढून दिलेल्या उताऱ्यांवर फिल्म उभी राहत नाही.

आवाजाकडे तर सगळ्यात जास्त लक्ष द्या, इथेच बहुतेक फिल्म घसरतात. बियालिकने बऱ्याचशा कविता अश्केनाझी, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या उच्चारात रचल्या, त्यात शब्दावरचा जोर साधारण शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि आजच्या इस्रायली हिब्रूत तो बहुधा शेवटच्या अक्षरावर. आजच्या नटाने आजच्यासारखी कविता वाचली की लय मोडते आणि ऐकणाऱ्याला वाटतं कवीलाच छंद जमत नव्हता! कुठल्या उच्चारात वाचायचं हे दिग्दर्शकाशी बसून रेकॉर्डिंगच्या आधी ठरवून घ्या, स्टुडिओत उभं राहून नाही.

हक्कांचं थोडक्यात सांगते. लेखक गेल्यावर 70 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे बियालिक (1934) मोकळा आणि गोल्डबर्ग (1970) 2040 संपेपर्यंत नाही, आणि फोटो, रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात. मोकळं झालेलं बरंच साहित्य ‘बेन येहुदा प्रोजेक्ट’वर फुकट वाचता येतं, 1999 पासून स्वयंसेवक ते चालवतात, तिथे मुद्रितशोधनाला हात लावलात तर भाषाही सुधारेल.

वारसदारांकडे पहिल्यांदा जाताना कॅमेरा नेऊ नका. एका कवयित्रीच्या घरच्यांकडे मी नुसती जाऊन बसत राहिले, चहा, गप्पा, नातवंडांची शाळा, आणि मग त्या आजींनी स्वतःहून कॅसेट काढून दिल्या. घाई केली असती तर छापून आलेल्या त्याच मुलाखती परत मिळाल्या असत्या.

आणि हिब्रू म्हटलं की सगळं युरोपातूनच आलं असं धरू नका. आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी हिब्रू ग्रंथ मराठीत आणले, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी तर त्यात आयुष्य घातलं, 1874 ची पुण्यात छापलेली हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) हिब्रू-मराठी आहे आणि तिच्यातल्या चित्रांत बायका साड्या नेसलेल्या आहेत. बायबलमधल्या गोष्टींवरची मराठी कीर्तनं अलिबाग, ठाणे, मुंबईच्या घरांतून आणि इथे लोद, अश्दोदमध्ये अजून काही म्हाताऱ्यांना पाठ आहेत. ज्यांना इस्रायलला यायला जमणार नाही त्यांनी तिथूनच सुरू करा, मोबाइल चालेल पण कॉलर माइक घ्या, पंखा बंद करा, अख्खं कीर्तन मध्ये न थांबवता गाऊन घ्या आणि मगच शब्दांचे अर्थ विचारा. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि कीर्तनाचा विषय टाका, आणि एक कॉपी गाणाऱ्याच्याच घरी ठेवून या.