हवेतले परागकण मोजायला शिकताना

वायुजीवशास्त्राकडे, म्हणजे हवेतल्या परागकण-बीजाणूंच्या अभ्यासाकडे, मी वळलो तो परागकणांच्या देखण्या छायाचित्रांमुळे. प्रत्यक्षात पहिले काही महिने पंप, चिकट फीत आणि गुणाकार-भागाकार यांच्यातच गेले. नव्याने येणाऱ्यांनीही याच क्रमाने शिकावे, असे मला वाटते.

परागकणांच्या नोंदींसाठी अनेक ठिकाणी आजही हर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या रचनेचा सापळा वापरला जातो. त्यातील पंप मिनिटाला १० लिटर हवा २ मिलिमीटर रुंद फटीतून ओढतो आणि हवेबरोबर आलेले कण फितीवर आदळून चिकटतात. फितीचा ड्रम तासाला २ मिलिमीटर सरकत असल्याने कण किती आले याबरोबरच ते केव्हा आले, हेही समजते. दिवसाकाठी १४.४ घनमीटर हवा आत जाते. मात्र हा आकडा प्रवाह योग्य असेल तरच खरा. एका हंगामात गवताच्या परागकणांची संख्या घसरताना पाहून मी बहर ओसरल्याची नोंद केली, आणि नंतर प्रवाहमापी लावल्यावर फटीत अडकलेला कीटक सापडला. तो सगळा आठवडा रद्द करावा लागला.

ओळख पटवणे हे खरे कसब. पाइनचा परागकण दोन हवापिशव्यांमुळे चटकन कळतो, अल्टरनेरिया या बुरशीचा बीजाणू उभ्या-आडव्या पडद्यांमुळे. परंतु गवतांचे एकछिद्री परागकण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की कुळापुढे जाण्याचा मोह टाळणेच प्रामाणिकपणाचे ठरते. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींचे गोल, बारीक बीजाणूही असेच फसवतात. त्यांना वाढवून ओळखायचे, तर अँडरसन सापळ्यातून पेट्रीबशीवर हवा घ्यावी लागते. तेथे केवळ जिवंत आणि त्या माध्यमावर वाढू शकणारेच बीजाणू मोजले जातात, त्यामुळे दोन्ही सापळ्यांचे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत. (ही चूक छापील निबंधांतही आढळते.)

पुस्तकातील चित्रांवर विसंबण्याऐवजी ओळखीच्या वनस्पतींचे परागकोश गोळा करून, फ्यूक्सिन हा रंग घातलेल्या ग्लिसरीन जेलीत स्वतःच्या संदर्भ काचपट्ट्या तयार कराव्यात. कोरड्या दुपारी हवेत क्लॅडोस्पोरियम या बुरशीचे बीजाणू वाढतात, पावसानंतर अनेक धानीबीजाणू (काही बुरशींच्या पिशवीसारख्या धानीत तयार होणारे बीजाणू) उसळतात. म्हणून प्रत्येक पट्टीशेजारी हवामानाची नोंद हवीच. शिवाय महिन्यातून एकदा तीच पट्टी सहकाऱ्याकडून, आपला आकडा न सांगता, मोजून घ्यावी. माझ्या पहिल्या तुलनेत आम्हा दोघांच्या बीजाणूंच्या आकड्यांत इतका फरक निघाला की आम्हाला ओळखीचे निकषच पुन्हा लिहावे लागले.