पोस्टर नंतर करा, आधी यादी मागवा

परदेशातल्या आरोग्य शिबिरासाठी पैसे जमवायचे ठरलं की डॉक्टरकी शिकणारी मुलं पहिल्याच दिवशी पोस्टर करायला बसतात. आम्हीही तेच केलं होतं. मी गटाची खजिनदार. पोस्टर छापून झालं, पैसेही जमू लागले, पण ज्या दवाखान्यात जायचं होतं तिथल्या नर्सबाईंशी आमचं एकदाही बोलणं झालेलं नव्हतं. साखर तपासायच्या पट्ट्यांचे खोके भरून नेले. बाईंनी कपाटातून त्यांचा ग्लुकोमीटर काढला, आमची पट्टी त्यात घालून पाहिली. बसेचना. ज्या मीटरची पट्टी त्यालाच चालते, हे एका फोनवर कळलं असतं. लोकांच्या देणगीचे पैसे होते ते, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून कुणी सल्ला मागायला आलं की मी आधी विचारते, तिकडून यादी आली का? यादी मोघम नको. औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीचं नव्हे, मूळ औषधाचं), मात्रा, यंत्राचं मॉडेल, बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात त्या पट्ट्याचं, म्हणजे कफचं मापसुद्धा हवं. दंड जाड आणि कफ लहान असला की बीपी उगाच जास्त दिसतं, आणि त्यावरून एखाद्याला नको ती गोळी सुरू होते. दुसऱ्या खेपेला आमच्याकडे यादी आली तेव्हा पहिल्याच ओळीत होतं, ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, झाकणाचं रबर. ते झिजल्याने वाफ बाहेर जात होती आणि अवजारं नीट निर्जंतुक होत नव्हती. आमच्यातल्या कुणाला हे सात जन्मात सुचलं नसतं.

त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचाराच: आम्ही न येता नुसते पैसे पाठवले तर तुमचं काम जास्त होईल का? विचारायला जड जातं. पण उत्तर ‘हो’ आलं, तर ते मानायची तयारी ठेवा.

घरोघरच्या उरलेल्या गोळ्या कुणी कितीही प्रेमाने दिल्या तरी घेऊ नका. औषधांच्या देणगीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत. औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत संपायला साधारणपणे किमान एक वर्ष बाकी असावं, असं त्यांत सांगितलं आहे. जे तिकडे चांगल्या दर्जाचं मिळतं ते तिकडेच विकत घ्या. लेबल तिथल्या लोकांना वाचता येतं आणि सामान कस्टममध्ये अडकत नाही.

आता खर्चाचा कागद. त्याचे दोन भाग करा: आपल्यावर होणारा खर्च आणि दवाखान्यावर होणारा खर्च. पहिल्यात तिकीट, व्हिसा, लसी आणि विमा. विम्यात आजारी माणसाला तिथून हलवायचा खर्च धरलेला आहे ना, हे वाचून घ्या. दुसऱ्यात औषधं, दुभाष्याचं मानधन आणि आपल्यामुळे जादा वेळ थांबणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्यांचा मोबदला. हे शेवटचे दोन हमखास राहून जातात. विनिमय दर हलतो, म्हणून वर दहा टक्के धरा.

सुरुवात आठ-नऊ महिने आधी करा, कारण लसींना घाई चालत नाही. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात. ज्यांचे झालेले नाहीत त्यांच्यासाठी पैसे आधी हातात हवेत. काही देशांत पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते पहिल्या डोसनंतर दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात.

मागायला शक्यतो समोरासमोर जा. एका निवृत्त शिक्षिकेने माझा कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘‘बाळा, यातलं तुझं तिकीट किती?’’ मी अडखळले. कारण तो आकडा मी ‘प्रवास व इतर’मध्ये घातला होता. आकडा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग हे वरच लिही की. मी औषधांपुरते देते.’’ तेव्हापासून माझ्या कागदावर तिकिटाची रक्कम पहिल्या ओळीत असते. देणाऱ्याला कशासाठी द्यायचं ते निवडता येतं. त्याच कागदावर हेही लिहा: ‘आम्ही अजून डॉक्टर नाही, शिकतो आहोत. जे इथे करायची परवानगी नाही, ते तिथेही करणार नाही.’ रुग्णांचे केविलवाणे फोटो मात्र लावू नका. आपल्या आईचा तसा फोटो आपण लावू दिला असता का?

पैसे कुणाच्याही खासगी खात्यात नकोत. महाविद्यालयाच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावाने वेगळं खातं, दोघांच्या सह्या, त्याच दिवशी पावती. ऑनलाइन जमवत असाल तर तो मंच किती कापून घेतो आणि लक्ष्य पूर्ण झालं नाही तर जमलेले पैसे आपल्याला देतो की देणगीदारांना परत करतो, हे आधी बघा. दौरा रद्द झाला तर पैशांचं काय करणार, तेही पावतीवरच छापा. २०२० च्या मार्चमध्ये सीमा बंद झाल्या, तेव्हा हा प्रश्न कितीतरी गटांपुढे एका आठवड्यात येऊन पडला.

परत आल्यावर महिन्याच्या आत प्रत्येक देणगीदाराला हिशोब पाठवा, उरलेल्या रकमेसकट. आमच्या दुसऱ्या हिशोबाला रबराचं बिल आणि ते बसवलेल्या झाकणाचा फोटो जोडला होता. शिक्षिकाबाईंचा त्याच संध्याकाळी फोन आला, ‘‘वाफ थांबली का गं?’’