लहान शिकारीसाठी स्कोप घेताय? आधी जवळचं अंतर बघा

गाडी चालवणाऱ्याला वेगाचा काटा साठावर दिसतो आणि शेजारी बसलेल्याला जरा वेगळ्याच आकड्यावर. काटा तोच असतो. पण तो आकड्यांपासून थोडा पुढे असतो आणि दोघं त्याच्याकडे वेगवेगळ्या कोनांतून बघतात. रायफलवर नेम धरायला बसवलेल्या भिंगांच्या स्कोपमध्येही हेच घडतं. लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, आत एकाच प्रतलात नसतील, तर डोळा जरा हलला की फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. याला म्हणतात पॅरालॅक्स.

ही लांब पल्ल्याच्या नेमबाजांची डोकेदुखी, असं बरेच जण समजतात. ससा किंवा खार टिपणाऱ्याला मात्र ती जवळच्या अंतरावर छळते. मोठ्या शिकारीच्या रायफलींचे स्कोप बहुधा १०० यार्डांवर पॅरालॅक्समुक्त करून येतात. असा ४० मिमी भिंगाचा स्कोप लावून २५ यार्डांवर नेम धरला, तर जास्तीत जास्त किती चूक होईल? भिंगाचा निम्मा व्यास, म्हणजे २० मिमी, आणि त्याला अंतरातल्या तफावतीच्या प्रमाणाने (१०० पैकी ७५), म्हणजे पाऊणने गुणायचं: १५ मिमी. डोळा अगदी कडेला गेला तरच एवढी चूक होते, मधोमध असेल तर शून्य. पण झाडावरच्या खारीवर मान वर करून नेम धरताना गाल दर वेळी त्याच जागी टेकतो थोडाच! आणि खारीच्या डोक्यावर दीड सेंटिमीटर चुकणं म्हणजे जखमी होऊन पळालेला प्राणी.

म्हणून पहिली पायरी कागद-पेन्सिलची: तुम्ही खरोखर किती अंतरावरून गोळी झाडता ते लिहून काढा. .२२ रिमफायरने (लहान शिकारीची बारीक काडतुसाची रायफल) सगळे नेम २५ ते ६० यार्डांतच होत असतील, तर ५० यार्डांवर पॅरालॅक्समुक्त करून पक्का केलेला, ३२ मिमी भिंगाचा साधा रिमफायर स्कोप घ्या. २५ यार्डांवर त्याची कमाल चूक ८ मिमी येते. फिरवायला काही नाही, बिघडायला काही नाही. अंतरं १० पासून ८० यार्डांपर्यंत पसरलेली असतील, किंवा हातात एअर रायफल असेल, तरच पॅरालॅक्सच्या अ‍ॅडजस्टमेंटवर खर्च करा.

ही अ‍ॅडजस्टमेंट दोन प्रकारची मिळते. अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्हमध्ये पुढच्या भिंगाभोवतीची रिंग फिरवायची. हा प्रकार साधा आणि तुलनेने स्वस्त, पण नेम धरलेला असताना हात तिथवर न्यावा लागतो. साइड फोकसमध्ये डाव्या बाजूला, नेम वर-खाली आणि डावा-उजवा करायच्या दोन बटणांखेरीज तिसरं बटण असतं, डोकं न हलवता फिरवता येतं. सावध खारीसमोर ही सोय मोलाची. मात्र किमान अंतर बघितल्याशिवाय घेऊ नका. साइड फोकसचे कित्येक स्कोप ५० यार्डांच्या अलीकडे येतच नाहीत, तुम्हाला १० यार्डांपासून चालणारा हवा.

मोठेपणाचा मोह इथे महागात पडतो. २-७×३२ (२ ते ७ पट मोठं दाखवणारा, ३२ मिमी भिंगाचा) किंवा ३-९×४० पुष्कळ झालं. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यापर्यंत पोहोचतो: ४० मिमी भिंगातून ४ पटीवर १०, पण १२ पटीवर जेमतेम ३.३. संधिप्रकाशात हा फरक लगेच जाणवतो. शिवाय जास्त पटीत दृष्टिक्षेत्र आकसतं आणि पळता ससा शोधेपर्यंत झुडपात शिरलेला असतो.

स्प्रिंगची एअर रायफल असेल तर एक वेगळीच भानगड. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेले चांगले दणकट स्कोपही त्यात खिळखिळे होतात. एअर रायफलसाठी योग्य असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

विकत घेण्याआधी स्कोप हातात घेऊन तपासा, रायफलवर बसवलेला नको. आधी मागच्या आयपीसची, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाची, रिंग फिरवून क्रॉसहेअर ठसठशीत करा. त्यासाठी आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे बघा, सूर्याकडे चुकूनही नाही. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि नंतर पॅरालॅक्सच्या बटणाला दोष देत बसतात. मग स्कोप एखाद्या पिशवीवर घट्ट टेकवा, वीस-पंचवीस पावलांवरची बारीक वस्तू फुलीखाली आणा आणि डोकं हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली जागची हलते? बटण फिरवा, परत बघा. ती वस्तूला चिकटून राहिली की काम झालं.

बटणावरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. ५० लिहिलेल्या जागी ४२ यार्ड निघू शकतात, आणि चित्र स्पष्ट दिसलं म्हणजे पॅरालॅक्स गेलाच असंही नाही. घरी आणल्यावर १०, २०, ३५, ५० यार्ड टेपने मोजा, प्रत्येक ठिकाणी डोकं हलवून बटणाची खरी जागा शोधा आणि बारीक चिकटपट्टीवर खूण करा. हे करताना रायफलवर स्कोप बसवलेला असेल, तर ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. स्कोप म्हणजे दुर्बीण नव्हे, तो जिकडे वळतो तिकडे नळीही वळते.

शिकारीला निघताना बटण ३० यार्डांच्या आसपास ठेवून द्या. ससा अचानक समोर आला तर फिरवायला वेळ मिळत नाही. तो स्वस्थ बसलेला असेल, तेव्हाच बटणाला हात लावा.