जुन्या एमजीच्या बॉनेटखाली: डायनामो, कॉइल आणि बॅटरी यांची जागा बदलताना

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाभोवतीची उपकरणे पहिल्या नजरेला मिळेल त्या जागी बसवल्यासारखी दिसतात. परंतु डायनामो (पट्ट्यावर फिरून वीज बनवणारे यंत्र), कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारे उपकरण), बॅटरी यांपैकी प्रत्येकाच्या जागेमागे पट्ट्याची रेषा, एक्झॉस्टची उष्णता, वायरची लांबी किंवा पान्याला मिळणारी वाट असे काही ना काही कारण असते. हे कारण आधी शोधावे आणि नव्या जागी ते तितकेच सांभाळले जाणार असेल तरच उपकरण हलवावे. पुढील विवेचन मी एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबी या गाडीला धरून केले आहे, कारण १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीच्या निमित्ताने जवळजवळ सगळे प्रश्न एकाच ठिकाणी समोर येतात.

सांगली-साताऱ्याकडच्या मालकांना या कामात एक मोठा आधार आहे. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन आणि अनेक वर्षे आपल्या ॲम्बॅसडरमध्ये असलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी सिरीज’ या एकाच घराण्यातली आहेत. त्यामुळे ज्या फिटरने ॲम्बॅसडर टॅक्सीची इंजिने आयुष्यभर खोलली आहेत, त्याला एमजीबीचे इंजिन परके वाटत नाही. अशा माणसाचा सल्ला मला कोणत्याही छापील तक्त्याइतकाच मोलाचा वाटतो. मात्र घराणे एक आहे म्हणून पुल्या आणि ब्रॅकेट जसेच्या तसे बसतील असे गृहीत धरू नये. प्रत्येक भाग व्हर्निअरने मोजूनच घ्यावा.

कामाला हात घालण्यापूर्वी कागदपत्रांचा विचार करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. मात्र त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणूनच नवा ब्रॅकेट इंजिनावर आधीपासून असलेल्या भोकांतच बोल्टने बसवावा, आतल्या मडगार्डचा किंवा फायरवॉलचा (इंजिन आणि बैठकीची जागा यांमधील पडद्याचा) पत्रा कापू नये, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. एमएच-१० असो वा एमएच-११, शंका असेल तर आरटीओत आधी विचारून घेणे केव्हाही चांगले.

आता मुख्य काम, म्हणजे डायनामो काढून अल्टरनेटर (कमी वेगातही अधिक वीज देणारे नंतरचे यंत्र) बसवणे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये लुकास कंपनीचा सी-४० डायनामो असे आणि त्याची क्षमता सुमारे २२ अँपिअर होती. हॅलोजन दिवे, विजेवर चालणारा रेडिएटर फॅन आणि एखादा चार्जिंग सॉकेट एवढे जरी वाढवले तरी तो अपुरा पडतो, विशेषतः इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) असताना. आपल्या बाजारात मारुती ८०० सारख्या गाड्यांचे आटोपशीर अल्टरनेटर सहज मिळतात आणि ते जुन्या डायनामोपेक्षा आखूड व हलके असल्याने जागेची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती पट्ट्याच्या रेषेची.

या इंजिनात क्रँक पुली, वॉटर पंप आणि डायनामो अशा तीन पुल्यांवरून एकच फॅन बेल्ट फिरतो. डायनामो सरकवून पट्टा ताणला जातो, म्हणजेच डायनामो हा या त्रिकोणातील ताण देणारा कोपरा आहे. अल्टरनेटर फार वर किंवा फार आत नेला तर वॉटर पंपाच्या पुलीला पट्ट्याचा विळखा कमी पडतो, पट्टा घसरू लागतो आणि चार्जिंग बिघडण्याच्या आधीच इंजिनाचे पाणी तापते. म्हणून नवी जागा निवडताना पुठ्ठ्यावर तिन्ही पुल्यांची वर्तुळे खऱ्या मापात काढून विळख्याचा कोन प्रथम पाहावा. लहान पुलीवर तो १२० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. पट्ट्याच्या पाठीवरून, म्हणजे बाहेरच्या बाजूने, अल्टरनेटर फिरवण्याची योजना काही जण करतात. व्ही-बेल्टची पाठ सपाट पुलीला पकड देण्यासाठी बनवलेलीच नसते. त्यातून अल्टरनेटर उलट्या दिशेने फिरला तरी वीज निर्माण होईल, पण त्याच्या पंख्याची पाती एका दिशेसाठी वळवलेली असल्यास थंडावा पुरेसा मिळणार नाही आणि आतले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तापून जातील.

तिन्ही खाचा एका प्रतलात आहेत की नाहीत, हे पुलीच्या कडेला स्टीलची पट्टी लावून पाहण्याची पद्धत आहे. परंतु जुन्या आणि नव्या पुलीच्या कडांची जाडी वेगळी असते, त्यामुळे ती पट्टी फसवते. त्याऐवजी एक मजबूत दोरा क्रँक पुलीच्या खाचेच्या मध्यावरून ताणून वॉटर पंपाच्या खाचेतून अल्टरनेटरपर्यंत न्यावा आणि तो खाचेच्या मध्यापासून किती हटतो ते मोजावे. ३०० मि.मी. अंतरात दीड मि.मी.पेक्षा अधिक फरक मी मान्य करत नाही. राहिलेला फरक लेथवर कातून घेतलेल्या स्टीलच्या स्पेसरने भरून काढावा; त्यासाठी ब्रॅकेटची भोके लांबट करू नयेत, कारण थरथरीने उपकरण त्या भोकात हळूहळू सरकत राहते.

ब्रॅकेटविषयी एक नियम कधीही मोडू नये: पट्ट्यावर चालणारे उपकरण पूर्णपणे इंजिनावरच बसवावे. त्याचा एक पाय इंजिनावर आणि दुसरा बॉडीवर ठेवला, तर रबरी माउंटिंगवर इंजिन डोलताच ब्रॅकेट पिळला जातो आणि काही काळाने तुटतो. नमुना आधी पुठ्ठ्याचा, मग प्लायवूडचा करून पाहावा आणि मगच ८ मि.मी. जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट कापून घ्यावी. कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत असे काम करणारे कारागीर भेटतात. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीपासून या जिल्ह्याला यंत्रकामाची परंपरा आहे, त्यामुळे एकच नग असला तरी तो मापात करून देणारा टर्नर शोधावा. अल्टरनेटरच्या दोन कानांमधील (बोल्टची भोके असलेल्या टोकांमधील) अंतर आणि ब्रॅकेटचे अंतर तंतोतंत जुळले पाहिजे. मध्ये फट ठेवून बोल्ट आवळला तर ॲल्युमिनियमचा कान वाकतो आणि पुढे तडकतो.

बोल्टच्या आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. बी सिरीज इंजिनावर इंची आटे आहेत. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची, यूएनएफ (बारीक आट्यांच्या) बोल्टचा व्यास ७.९४ मि.मी. असतो आणि एम-८ बोल्टचा ८ मि.मी.; पण पहिल्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर, १.०६ मि.मी. आहे आणि दुसऱ्याचा १.२५. दुकानात चटकन मिळतो म्हणून एम-८ बोल्ट जोर लावून घातला, तर पहिल्या दोन-तीन आट्यांतच कास्टिंगमधील आटे खराब होतात आणि साठ वर्षांच्या ब्लॉकचे झालेले हे नुकसान सहज भरून येत नाही.

बाजूच्या निवडीत माझे मत स्पष्ट आहे: अल्टरनेटर मूळ डायनामोच्या, म्हणजे उजव्याच बाजूला राहू द्यावा. एमजीबीमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट ही दोन्ही डाव्या बाजूला आहेत. तिकडे अल्टरनेटर नेणे म्हणजे त्याला तापलेल्या लोखंडाच्या आणि पेट्रोलच्या शेजारी बसवणे होय. उजव्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा असतो, म्हणून इंजिन डोलण्यासाठी भोवती किमान १५ ते २० मि.मी. मोकळी जागा सोडावी. वरचे अंतर तपासण्यासाठी उपकरणावर शाडूचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करावे आणि पुन्हा उघडून गोळा किती दबला ते मोजावे. उपकरण क्रँक पुलीच्या मध्याखाली उतरवू नये. महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात रस्त्यावरून उडणारा चिखल थेट तिथेच जातो.

वायरिंगचा पहिला प्रश्न अर्थिंगचा आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते आणि अशा गाडीत आजचा अल्टरनेटर जोडताच त्याचे डायोड जळतात. म्हणून आधी संपूर्ण गाडी निगेटिव्ह अर्थवर आणावी: बॅटरीची टोके बदलावीत, कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करावी आणि आरपीएम मीटर इलेक्ट्रॉनिक असल्यास जाणकाराकडून त्यात आवश्यक तो बदल करून घ्यावा. डायनामोचे कटआउट (त्याच्या चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारी पेटी) सर्किटमधून काढून टाकावे आणि अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर फ्यूजसह टाकावी, कारण २२ अँपिअरसाठी टाकलेली जुनी वायर दुप्पट प्रवाहाला पुरत नाही. चार्जिंगचा लाल दिवा मात्र कायम ठेवावा. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो. एमजी टीसी आणि टीडी या त्याहून जुन्या गाड्यांत आरपीएम मीटरची केबल डायनामोच्या मागच्या टोकावरून निघते, त्यामुळे तिथे डायनामो काढला की मीटरही बंद पडतो. त्या गाड्यांत माझ्या मते मूळ डायनामो दुरुस्त करून ठेवावा.

कॉइलची गोष्ट थोडक्यात संपते. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत ती डायनामोच्या पाठीवरच बसवलेली असे, जिथे उष्णता आणि थरथर दोन्ही असतात. ती आतल्या मडगार्डवर हलवणे हा चांगला बदल आहे, फक्त डिस्ट्रिब्युटरपर्यंतची जाड वायर आखूड राहावी आणि एक्झॉस्टपासून दूर जावी.

बॅटरी हलवण्यात मात्र अनेक जण फसतात. सुरुवातीच्या एमजीबीमध्ये ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, फरशीखाली लटकणाऱ्या पेट्यांत असत. त्या पेट्या गंजतात, आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पाहिलेल्या सांगलीत तर त्या आधी सोलून तपासाव्यात. १२ व्होल्टची एकच बॅटरी डिकीत ठेवायची असल्यास केबलचा हिशेब करावा. स्टार्टर २०० अँपिअर ओढतो असे धरले, तर चार मीटर लांबीच्या १६ चौ. मि.मी. तांब्याच्या केबलमध्ये सुमारे ०.९ व्होल्ट वाया जातात, तर ३५ चौ. मि.मी.च्या केबलमध्ये ०.४. जाड केबलच घ्यावी, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावे, आणि इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टी नवी टाकावी. ती सैल असेल तर स्टार्टरचा प्रवाह चोकच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल तापते. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून डिकीतील बॅटरीला बंद पेटी आणि बाहेर जाणारी नळी हवीच.

सर्व जोडल्यानंतर पट्टा असा ताणावा की सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो सुमारे १३ मि.मी. दबेल. इंजिन गरम झाल्यावर दिवे लावून आयडलवर बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज पाहावे: थोडा वेग दिल्यावर ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावे आणि आयडलवर १३ च्या खाली जाऊ नये. खरी परीक्षा महामार्गावर होत नाही. गळीत हंगामात संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे दिवे आणि फॅन चालू ठेवून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास चालवावी लागते, तिथे ती होते. आणि त्यानंतर यवतेश्वर घाटासारखा चढ चढून पाण्याचे तापमान पाहावे. पहिल्या २०० किलोमीटरनंतर नवा पट्टा सैल पडतो, तो पुन्हा ताणावा, ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत आणि वेल्डिंगच्या कडेने रंगाला केसाएवढी जरी भेग दिसली तरी प्लेट काढून पाहावी.